पंख्याच्या पाठीला पंखा

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि आवाज

गेल्या अंकात ‘पंखा मोठा घ्या आणि हळू फिरवा’ असं एका ओळीत लिहून मी मोकळी झाले. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच प्रश्नाची निघाली : मोठा बसत नसेल, तर लहानच दोन एकामागे एक लावले तर? म्हणून हा महिना सगळा पंख्यांना दिला आहे. मी अभियंता नाही हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. माझं काम ध्वनिमुद्रणाचं. माइक आणि संगणक एकाच खोलीत नांदवायची वेळ आली तेव्हापासून पंख्यांशी माझं वैर आहे, आणि वैऱ्याची माहिती काढावीच लागते.

प्रश्न : ताई, माझ्या कॅबिनेटला मागच्या बाजूला १२० मिलिमीटरचा एक पंखा होता. गेम खेळताना प्रोसेसर ८४ अंशांवर जायचा. तसाच दुसरा पंखा पडून होता, म्हणून लांब स्क्रू मिळवून तो पहिल्याच्या पाठीला जोडला. दोन्ही हवा बाहेरच फेकतात, हे तपासलं आहे. तापमान ८३ झालं आणि आवाज इतका वाढला की पलीकडच्या खोलीतून विचारणा होते. दोन पंख्यांची हवा गेली कुठे? (कडेची काच काढून ठेवली तर तापमान ७५ वर येतं, पण तसं कायम ठेवता येत नाही.)

उत्तर : कंसातलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण अर्धं उत्तर तिथेच आहे. त्याकडे नंतर येते. आधी पंख्यांचं.

घमेली वाहणारी माणसं डोळ्यांसमोर आणा. एका रांगेत दोन माणसं उभी केली आणि एकाने घमेलं दुसऱ्याच्या हातात दिलं, तर घमेली दुप्पट होत नाहीत. पहिल्याच्या हातून जेवढी निघाली तेवढीच दुसऱ्याच्या हातून जातात. घमेली वाढवायची तर दुसरी रांग लावावी लागते. एकाच रांगेतला दुसरा माणूस उपयोगी पडतो तो चढ असेल तेव्हा. पंख्याच्या बाबतीत चढ म्हणजे दाब : दाट जाळी, धुळीने भरलेला फिल्टर, रेडिएटरच्या, म्हणजे गरम पाणी थंड करणाऱ्या जाळीच्या, चिकटून बसवलेल्या पट्ट्या. पाठीला लावलेल्या पंख्याने दाब वाढतो. शेजारी लावलेल्या पंख्याने हवा वाढते.

आता आकडे. समजा, पंख्याच्या खोक्यावर ‘ताशी १०० घनमीटर’ आणि ‘२ मिलिमीटर पाणी’ असं छापलं आहे. (१ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ९.८ पास्कल दाब.) हे दोन आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. १०० घनमीटर हवा मिळते ती पंखा मोकळ्यावर धरला तर, म्हणजे दाब शून्य असताना. २ मिलिमीटर दाब मिळतो तो पंख्याचं तोंड पूर्ण बंद केल्यावर, म्हणजे हवा शून्य असताना. कॅबिनेटमधला पंखा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालतो. मी ही मधली रेघ सरळ धरून कागदावर हिशेब मांडला. खरी रेघ वाकडी असते आणि मधे तिला एक खळगाही असतो, पण अंदाजाला एवढं पुरे.

कॅबिनेट मोकळं असून एकटा पंखा ९० घनमीटर देत असेल, तर पाठीला दुसरा लावल्यावर ९४-९५ होतात. अडथळा जबर असून एकटा ४० वरच अडकला असेल, तर पाठीच्या पंख्याने ५१ होतात. तेच दोन पंखे शेजारी-शेजारी लावले, तर मोकळ्या ठिकाणी ९० चे १४५ च्या वर जातात आणि अडलेल्या ठिकाणी ४० चे जेमतेम ४५ होतात.

याला आवाजाचा जमाखर्च जोडा. एकसारखे दोन पंखे एकदम चालले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, हा खर्च. जमा बाजूला फेरे कमी करायची मुभा. फेरे निम्मे केले की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, २० टक्के कमी केले की ५ ने. अडलेल्या ठिकाणी ५१ घनमीटर परत ४० वर आणायला फेरे बावीसेक टक्क्यांनी कमी करता येतात. ५ जमा, ३ खर्च, हातात २. मोकळ्या ठिकाणी जेमतेम ५ टक्केच कमी करता येतात. १ जमा, ३ खर्च, म्हणजे पदरचे २ गेले. शेजारी-शेजारी लावून मोकळ्या ठिकाणी फेरे जवळजवळ ४० टक्क्यांनी उतरवता येतात. ११ जमा, ३ खर्च, हातात ८. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, त्यावरून या आठांची किंमत करा.

हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात पाठीच्या पंख्याला कागदाएवढंही मिळत नाही. पंख्यातून निघालेली हवा सरळ जात नाही, ती पात्यांच्या दिशेने गिरकी घेत बाहेर पडते. तुमचे दोन्ही पंखे एकाच बनावटीचे, म्हणजे एकाच दिशेने फिरणारे. दुसऱ्याच्या पात्यांना जी हवा मिळते ती आधीच त्यांच्याच दिशेने पळत असते. आपल्याच दिशेने जोरात फिरत असलेल्या चक्राला ढकलून पाहा, हाताला पकड मिळत नाही. पात्यांचंही तेच होतं.

शिवाय पंख्याच्या मोटरला धरून ठेवणारे आडवे दांडे असतात, बहुतेक वेळा चार. ते हवा बाहेर पडण्याच्या बाजूला असतात, म्हणजे पहिल्या पंख्याचे दांडे बरोबर दुसऱ्याच्या पात्यांच्या तोंडाशी येतात. दांड्यामागे हवेत भोवरे होतात, आणि दुसऱ्या पंख्याचं प्रत्येक पातं फेऱ्यागणिक त्या चारही भोवऱ्यांवर आपटतं. पलीकडच्या खोलीत ऐकू जातो तो नुसता वाढलेला वारा नसून त्यात हा सूर मिसळलेला आहे. सरसर आवाजाला माणूस सरावतो, पण सुराला सरावत नाही.

हा उद्योग मीही केला आहे, आणि दोन नव्हे, तीन पंख्यांचा. चिकटपट्टी गुंडाळून छान बोगदा केला होता. दुसऱ्या दिवशी एका निवेदनाचं ध्वनिमुद्रण तपासताना आवाजाच्या आलेखावर २०७ हर्ट्झला सुळका उभा दिसला. पंख्यांना नऊ पाती, फेरे मिनिटाला १३८०, म्हणजे सेकंदाला २३. तेवीस नवे दोनशे सात. हार्मोनियमवर शोधलं तर काळी चार. निवेदिकेचा आवाजही त्याच आसपास बसत होता, त्यामुळे तो सूर गाळून काढायला गेले की तिच्या आवाजाचा पोटभाग त्याच्याबरोबर जायचा. दिवसभराचं काम पुन्हा करावं लागलं. तो बोगदा मी त्याच संध्याकाळी सोडवला.

आता तुमचा कंस. काच काढल्यावर तापमान आठ अंशांनी उतरतं, याचा अर्थ प्रोसेसरवरचा पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आपलं काम नीट करत आहेत. त्यांना ताजी हवा मिळत नाही, एवढंच. तुमच्या कॅबिनेटला हवा बाहेर जायची वाट आहे, आत यायची अरुंद आहे. मागे कितीही पंखे रचले तरी जे आत आलंच नाही ते बाहेर कसं जाणार? चढ आहे तो पुढच्या तोंडाशी.

तेव्हा मागचा जोडपंखा सोडवा. पुढचं झाकण काढून आतला धुळीचा फिल्टर पाहा. मी पैज लावते की तो राखाडी झाला आहे. धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. मग सुटलेला पंखा पुढे, खालच्या बाजूला, हवा आत घेईल असा लावा. पंख्याची दिशा ओळखायला सोपी खूण आहे : दांडे आणि लेबल असलेल्या बाजूने हवा बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही कोरलेले असतात.

किती हवा लागते याचा अंदाजही देऊन ठेवते. संगणक ३०० वॅट उष्णता टाकत असेल आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशच गरम असावी असं वाटत असेल, तर ताशी सुमारे ९० घनमीटर हवा खेळायला हवी. २० अंश चालत असतील तर ४५ पुरतात. खोक्यावर १०० लिहिलेला एकटा पंखा अडथळ्यांतून ९० देईल हे विसरा. पुढे दोन आणि मागे एक, तिघेही ८००-९०० फेऱ्यांवर, ही माझी आवडती मांडणी आहे.

प्रश्न : प्रोसेसर पाण्याने थंड करणाऱ्या कूलरच्या २४० मिलिमीटरच्या रेडिएटरवर दोन पंखे हवा ढकलतात. पलीकडून ओढणारे आणखी दोन लावावेत का? तुम्ही तर जोडपंख्यांच्या विरोधात दिसता.

उत्तर : विरोध आंधळ्या रचनेला आहे. रेडिएटर ही मात्र पंख्यामागे पंखा शोभण्याची जागा. एक तर तिथे खरोखर चढ आहे. दुसरं म्हणजे दोन पंख्यांच्या मधे पातळ पट्ट्यांचा थर येतो. ढकलणाऱ्या पंख्याने हवेला दिलेली गिरकी त्या पट्ट्यांत शिरताच मोडते, दांड्यांचे भोवरेही तिथेच विरतात, आणि ओढणाऱ्या पंख्याला सरळ, शांत हवा मिळते. चिकटून रचलेल्या जोडीचे दोन्ही आजार इथे रेडिएटरच बरे करतो.

फायदा किती, ते पट्ट्या किती दाट आहेत आणि पंखे किती हळू फिरतात यावर आहे. दाट पट्ट्या आणि संथ पंखे असतील तर फरक जाणवतो. विरळ पट्ट्यांच्या रेडिएटरवर पंखे आधीच जोरात फिरत असतील, तर एखाद-दुसऱ्या अंशासाठी दोन पंखे जास्त वाजत बसतील. म्हणून चार लावले तर चारही उतरवा. आधी दोन १३०० वर होते, तर चौघांना १००० वर आणून तापमान पाहा. तेवढंच राहिलं, तर आवाजात सुमारे ३ डेसिबलची बचत झाली. चारही १३०० वरच ठेवणार असाल, तर मला पत्र पाठवू नका.

दोन गोष्टी सांभाळा. ढकलणारा आणि ओढणारा एकाच बनावटीचे आणि एकाच वेगाचे असावेत. एकामागे एक असलेल्या पंख्यांतून तीच हवा जाते, त्यामुळे दुबळा पंखा जोरकसाला मदत करत नाही, वाटेत आडवा उभा राहतो. जोरकसाची अर्धी मेहनत त्याला फिरवण्यात जाते. दुसरं, ओढणाऱ्या पंख्याचं तोंड, म्हणजे हवा आत घेणारी बाजू, पट्ट्यांना अगदी चिकटलं की तो घोघावतो. पंख्याला मागे अडथळा चालतो, तोंडापुढे चालत नाही. मधे वीसेक मिलिमीटर जागा सोडता आली तर सोडा. बंद पडलेल्या पंख्याचे दांडे कापून मोटर काढून टाकली, की २५ मिलिमीटरची आयती पोकळ चौकट मिळते. माझ्याकडे अशा चौकटींचा डबा भरलेला आहे.

प्रश्न : ताई, मी दहावीत आहे. सर्व्हरच्या एका पंख्याचं चित्र पाहिलं, त्यात दोन चक्रं एकामागे एक असून उलट दिशांना फिरतात. मग मी माझ्या दोन पंख्यांपैकी एक उलटा करून लावला तर गिरकीचा प्रश्न सुटेल ना?

उत्तर : प्रश्न झकास आहे, आणि फसवाही. पंखा उलटा केलास की तो तुझ्या बाजूने पाहताना उलट फिरताना दिसेल, हे खरं. पण तो हवाही उलटीकडे फेकेल. मग दोन पंखे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या तोंडावर वारा मारत बसतील. स्क्रू उलटा धरला म्हणून त्याचे आटे डावे होत नाहीत, तसंच हे. तुला हवा आहे डाव्या आट्यांचा पंखा, म्हणजे ज्याच्या पात्यांचा बाक आरशातल्यासारखा उलटा आहे.

आता तू म्हणशील, वायर उलट्या जोडते. मुळीच नको. या पंख्यांच्या मोटरमधे ब्रश नसतात, गुंडाळ्यांना पाळीपाळीने वीज देणारं एक छोटं सर्किट असतं. वायर उलट्या केल्या की पंखा एक तर हलणार नाही, नाही तर सर्किट जळेल. आणि उलटा फिरला असता तरी पाती चुकीच्या बाजूने हवा कापत राहिली असती.

तू पाहिलास तो बहुधा ४० मिलिमीटर चौकोनी आणि ५६ मिलिमीटर लांबीचा पंखा. त्यात दुसऱ्या चक्राची पाती मुद्दाम उलट्या बाकाची घडवलेली असतात. पहिल्याने दिलेली गिरकी दुसरं चक्र उलगडतं आणि त्यातून दाब कमावतं. दोन्ही चक्रांत पात्यांची संख्याही वेगवेगळी ठेवतात, नाही तर सगळी पाती एकाच क्षणी एकमेकींसमोरून जातील आणि तो सूर कान फाडेल. तरीही ते पंखे मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेतात. सर्व्हर जेमतेम ४४ मिलिमीटर जाडीच्या खणात बसवायचा असतो, मोठा पंखा मावत नाही, आणि शेजारी कोणी झोपायला येत नाही. त्यांनी शांततेवर पाणी सोडून दाब घेतला आहे. तुझ्या टेबलावर तो सौदा परवडणार नाही.

गिरकी मोडायचा दुसरा मार्ग मात्र तुला घरी करून पाहता येईल. वरच्या उत्तरातली पोकळ चौकट घे, तिच्यात कागदी स्ट्रॉचे २५ मिलिमीटरचे तुकडे उभे दाटून बसव, अगदी मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. ती चौकट दोन पंख्यांच्या मधे ठेव. आधी पंखे नुसते चिकटवून, मग मधे रिकामी चौकट ठेवून, मग स्ट्रॉ भरून, असं तीन वेळा मोज. कसं मोजायचं ते शेवटच्या उत्तरात आहे. तुला काय मिळालं ते कळव. माझ्याकडे रिकाम्या चौकटीनेच सूर बराच उतरला होता आणि स्ट्रॉ घातल्यावर हवा थोडी वाढली होती. पण माझे पंखे वेगळे, तुझे वेगळे. बोटं सांभाळ, आणि वीजपुरवठ्याच्या डब्यातल्या पंख्याला यासाठी हात लावू नकोस. तो डबा प्लग काढल्यावरही आत वीज धरून ठेवतो.

प्रश्न : दोन पंखे अगदी एकसारखे. कुठलाही एक चालवला तर शांत. दोन्ही लावले की ‘वाँऽव, वाँऽव’ असा आवाज येतो, जणू कोणी श्वास घेतंय. पंखा सदोष आहे का?

उत्तर : नाही. दोष असेलच तर तो जवळजवळ सारखे असण्याचा आहे. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित चुकल्या की लाटा ऐकू येतात, तशाच या लाटा. एक पंखा १२०० वर आणि दुसरा ११८० वर फिरतो असं धरा. नऊ पात्यांचा हिशेब केला तर एकाचा सूर १८० हर्ट्झ, दुसऱ्याचा १७७. फरक तीनचा, म्हणून सेकंदाला तीन लाटा. दोघांना मदरबोर्डकडून, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किटच्या पाटीकडून, एकच आज्ञा जात असली तरी फेरे तंतोतंत जुळत नाहीत, प्रत्येक मोटरची घडण थोडी वेगळी असते.

तारा जुळवतो तसे पंखे जुळवायला जाऊ नका, ते टिकत नाहीत. उलट मुद्दाम लांब करा. एक १२०० वर आणि दुसरा ११०० वर ठेवलात की लाटा सेकंदाला पंधरा होतात आणि कान त्या मोजायचं सोडून देतो. बायोसमधे, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधे, दोघांना वेगळ्या ओळी (किती तापमानाला किती वेग ते सांगणाऱ्या रेघा) आखून दिल्या की काम झालं. यासाठी दोघे वेगवेगळ्या जोडणीवर हवेत, एका वायरीला दोन फाटे फोडून नव्हे. स्क्रूऐवजी रबरी खुंट्या वापरल्यात तर कॅबिनेटचा पत्रा त्या लाटांना साथ देणार नाही, तो फायदा वेगळा.

प्रश्न : फाटे फोडलेल्या वायरीचा विषय निघालाच आहे. एका जोडणीवर किती पंखे चालतात?

उत्तर : मदरबोर्डची पंख्याची जोडणी साधारण १ अँपियर सोसते, पण तुमच्या बोर्डाची पुस्तिका पाहाच. प्रत्येक पंख्याच्या लेबलवरचे अँपियर घेऊन बेरीज करा आणि थोडी जागा राखून थांबा. ०.२ चे तीन निर्धास्त चालतील. फेरे मोजणारी तार मात्र एकाच पंख्याची जोडलेली असते, त्यामुळे दुसरा कधी बंद पडला हे पडद्यावर कळणार नाही. एकामागे एक लावलेल्या जोडीत तर हे वाईटच, कारण बंद पडलेला पंखा मदत थांबवतोच, शिवाय झाकण होऊन बसतो.

प्रश्न : पंखा सतत वर-खाली होतो. वेब पान उघडलं तरी भुर्रकन वेग घेतो आणि लगेच उतरतो.

उत्तर : बायोसमधे वेग बदलण्यापूर्वी थांबायचा वेळ देता येतो. तो वाढवा. प्रोसेसरचं तापमान क्षणात दहा अंश उडतं, हीटसिंकचं धातू तितक्या लवकर तापत नाही. पंख्याने त्या प्रत्येक उडीला ‘हो’ म्हणायची गरज नाही. ६० अंशांपर्यंत ओळ आडवी ठेवा, पुढे चढवा. एकाच पातळीवरचा थोडा मोठा आवाज कान विसरतो, पण बदलता आवाज कितीही लहान असला तरी लक्ष वेधून घेतो.

प्रश्न : तुम्ही घनमीटर घनमीटर म्हणता. आमच्याकडे हवा मोजायचं यंत्र नाही. अंदाजाने हात धरून पाहतो, झालं.

उत्तर : हात खोटं बोलतो. हाताला वाऱ्याचा वेग कळतो, हवा किती गेली ते कळत नाही. पंख्यामागे पंखा लावल्यावर मधोमध झोत अरुंद आणि जोराचा झाला की वाटतं, वा, काय हवा आहे!

कचऱ्याची मोठी प्लास्टिकची पिशवी घ्या, जिच्यावर लिटर छापलेले आहेत अशी. ती पूर्ण चपटी करून, सगळी हवा काढून, तोंड पंख्याच्या चौकटीभोवती घट्ट धरा आणि पंखा सुरू करा. पंख्याला वेग घ्यायला सेकंदभर लागतो, म्हणून तो आधी सुरू करून तोंडाशी पुठ्ठा धरला आणि मग झटकन ओढला तर जास्त बरं. पिशवी फुगून ताठ होईपर्यंत किती सेकंद गेले ते फोनवर चित्रित करून मोजा. लिटर भागिले सेकंद गुणिले ३.६, म्हणजे ताशी घनमीटर. ५० लिटरची पिशवी २ सेकंदांत भरली तर ९०, तीनात भरली तर ६०. पाच वेळा करा, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा टाकून द्या.

मोकळ्या पंख्याचं मोजून थांबू नका. तुमच्याकडचा खरा अडथळा, म्हणजे फिल्टर, पुढची जाळी किंवा रेडिएटर, पंख्याला लावून पुन्हा मोजा. मोकळ्यावर ९० आणि अडथळ्यातून ८० येत असतील, तर तुम्हाला चढच नाही, जोडपंखा विसरा आणि शेजारी जागा शोधा. ९० चे ३५ झाले, तर आधी अडथळा कमी करता येतो का पाहा. पत्र्यात पाडलेल्या बारीक भोकांची जाळी कापून तिथे तारेची जाळी बसवली, तर कित्येकदा दुसऱ्या पंख्याची गरजच उरत नाही. अडथळा हलवता येण्यासारखा नसेल, तेव्हाच पाठीच्या पंख्याचा विचार करा, आणि तोही मधे चौकट ठेवून. ३५ वर अडकलेला पंखा कधी कधी गुदमरतो, त्याच्या पात्यांवरची हवा सुटते आणि तो धडधडल्यासारखा वाजतो. वर म्हटलेला रेघेतला खळगा तो हाच. अशा वेळी पाठीला दुसरा लावल्यावर दोघांचा मिळून आवाज एकट्यापेक्षा कमी झालेला मी ऐकला आहे, पण एकदाच.

आवाजासाठी फोनवरचं डेसिबलचं ॲप चालेल. त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, दोन आकड्यांमधल्या फरकावर ठेवा. फोन दर वेळी त्याच जागी, मीटरभर अंतरावर, वाऱ्याच्या झोताबाहेर ठेवा. झोत माइकवर आला तर तुम्ही वारा मोजाल.

ता. क. अंक छपाईला जाण्याआधी पहिल्या वाचकांचं दुसरं पत्र आलं. फिल्टर राखाडीच होता. सुटलेला पंखा पुढे लावल्यावर गेम खेळताना ७६ अंश, आणि मागचा एकटा आता ९०० फेऱ्यांवर चालतो. शेवटी त्यांनी विचारलं आहे, लांब स्क्रू चार उरलेत, ते पुढेमागे रेडिएटर घेतला तर पंख्यांना चालतील का? नका लावू. रेडिएटरमधे स्क्रूचं टोक चौकटीपलीकडे गेलं की थेट पाण्याच्या नळीत शिरतं, आणि ते पहिल्यांदा कळतं ते मदरबोर्ड ओला झाल्यावर.